नाताळ गुरांच्या कोठ्यातून सुरू करा: डिसेंबरचे २४ दिवस अन् लूकचे २४ अध्याय

डिसेंबर लागला की परतवाड्याच्या बाजारात लाल टोप्या लटकायला लागतात, प्लॅस्टिकची झाडं येतात, मोबाईलच्या दुकानासमोर कापसाची दाढी लावलेला सांताक्लॉज उभा राहतो (आमच्या भागात कापसाला काय तोटा) अन् घरातले पोट्टे मागं लागतात की बाबा या साली लायटिंग मोठी आणा. मी काही त्याच्या विरोधात नाही. चांदणी आमच्याही घरावर एक तारखेलाच चढते, अन् कानोले तळल्याशिवाय आमची बुढी कोणाला नाताळ म्हणू देत नाही. पण पंचवीस तारीख निघून गेली की हातात काय राहायचं, तर तळणाचं उरलेलं तेल, किराण्याची उधारी अन् मोबाईलमधे दोनशे फोटो. संडे स्कूलमधे "नाताळचा खरा अर्थ काय" म्हणून दरवर्षी मीच विचारायचो, पोरं पण पाठ केल्यासारखी "प्रेम अन् त्याग" म्हणून मोकळी व्हायची, उत्तर बरोबर, मार्क पूर्ण, पण समजलेलं कोणालाच काही नसायचं, विचारणाऱ्याला पण नाही.

तर मागच्या काही वर्षांपासून आमच्या घरी अन् मंडळीतल्या (म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांतल्या) आणखी चारपाच घरी एक पद्धत धरली आहे, ती लिहून देतो. आमची मंडळी लहानशी, सगळे कास्तकार नाहीतर मजूर, त्यामुळे यात पैशाचं काम कमी अन् हातापायाचं जास्त आहे. सामान म्हणाल तर एक बायबल, झाकणाला भोक पाडलेला एक डबा, एक वही, अन् गुरांचा कोठा. ढोरं नसतील तर शेजाऱ्याच्या कोठ्यात जा, कोणी नाही म्हणत नाही.

आधी कोठ्यात जा

तीस नोव्हेंबरच्या नाहीतर एक तारखेच्या संध्याकाळी, दूध काढायच्या वेळेला, घरातल्या सगळ्यांना कोठ्यात न्या. लेकरांना तर न्याच. मराठी बायबलात, लूकच्या शुभवर्तमानात (लूकनं लिहिलेल्या येशूच्या चरित्रात) दुसऱ्या अध्यायात शब्द आहे गव्हाणी, बाळाला बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवलं कारण उतारशाळेत जागा नव्हती. हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलं आहे की गव्हाणी म्हटलं की डोळ्यासमोर ग्रीटिंग कार्डावरचा लाकडी पाळणा येते, स्वच्छ, पिवळंधमक गवत टाकलेला. खरी गव्हाण तशी नसते हे आपल्याला माहीत आहे, तरी नाताळच्या दिवशी आपण विसरतो. आमच्या कोठ्यातली गव्हाण सिमेंटची आहे, एका कोपऱ्यात फुटलेली, तळाशी तुरीचं कुटार (भुसा) ओलं होऊन चिकटलेलं, गाईच्या जिभेनं कडा गुळगुळीत झालेल्या, अन् वास तर सांगायलाच नको. पहिल्या वर्षी मी पोरांना म्हटलं हात घालून पाहा. लहानी पोरगी सहा वर्षांची होती, तिनं हात घातला, कुटाराची धूळ उडाली, दोन शिंका दिल्या अन् म्हणे, "बाबा, इथं लेकरू ठेवलं तर त्याले मुंग्या नाही चावन का?"

मी बायबल वाचून राहिलो होतो वीस वर्षांपासून, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

मुंग्या चावतीलच. थंडी पण लागेल. देव आला तर तो असा आला की त्याला कोणीतरी गुंडाळावं लागलं, पाजावं लागलं, मुंग्या झटकाव्या लागल्या. आपण नेहमी म्हणतो की नाताळ म्हणजे देवानं जगाला दिलेलं दान, ते खरंच आहे, पण कोठ्यात उभं राहून पाहिलं तर उलटी बाजू दिसते, तो देणारा बनून नाही आला, घेणारा बनून आला. दुसऱ्याच्या गव्हाणीत, दुसऱ्याच्या भरवशावर. मायबाप पण गरीबच, त्याच अध्यायात पुढं मंदिरात अर्पण काय देतात तर पक्ष्यांची जोडी, ज्याची कोकरू द्यायची ऐपत नाही त्याच्यासाठी नियमशास्त्रात ठेवलेली सूट. हे डोक्यात पक्कं बसवून घ्या कारण पुढं द्यायचं कसं ते सगळं यावर आहे. घेणारा लहान नसतो. ज्यानं हे विसरून दिलं त्यानं काय दिलं अन् काय हिसकलं ते सांगतो पुढं, कारण तो मीच होतो.

जाता जाता, लूकमधे गाय-बैलाचं नाव नाही बरं का, फक्त गव्हाणी आहे. बैल अन् गाढव आपल्या देखाव्यात येतात त्याचं मोठं कारण संत फ्रान्सिस, त्यांनी १२२३ साली इटलीतल्या ग्रेचो नावाच्या गावी खरा बैल, खरं गाढव अन् वाळलेलं गवत आणून नाताळ केला होता, लोकांना डोळ्यानं दिसावं म्हणून. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी पण लोक गव्हाण विसरलेच होते.

रोज एक अध्याय

लूकच्या शुभवर्तमानात अध्याय २४ आहेत अन् नाताळच्या आधी डिसेंबरचे दिवस २४. एक तारखेला पहिला, दोन तारखेला दुसरा, असं. जेवण झालं की टीव्ही बंद करून, घरात ज्याला वाचता येते त्यानं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, पंधरा-वीस मिनिटाचं काम आहे, काही अध्याय लांब आहेत तेव्हा लेकरं झोपतील तर झोपू द्या. भाषण कोणी द्यायचं नाही, ही अट मी स्वतःसाठी घातली आहे, कारण माझी बायको म्हणते तुम्ही सुरू झाले की लूकपेक्षा लांब होता. लोक विचारतात की जन्माची गोष्ट तर दोन तारखेलाच संपून जाते, मग बाकी बावीस दिवस काय? बाकी बावीस दिवस तो मोठा होऊन काय बोलला ते आहे, अन् गंमत म्हणजे ते तारखेनुसार कामाला लागते. मी सगळे सांगत नाही, जिथं आमच्या घरात काही घडलं तेवढेच सांगतो.

डब्याचं काम एक तारखेपासून सुरू. त्यात नवीन पैसे टाकायचे नाहीत, काहीतरी सोडून वाचलेले टाकायचे. माझ्यापुरतं खर्रा, सुपारी-तंबाखूचा. हो, मी खातो, संडे स्कूल शिकवतो अन् खर्रा खातो, काय करता. रोजचा एक खर्रा कमी केला की तीस रुपये धरा, चोवीस दिवसाचे सातशे वीस होतात. बायको मोबाईलचा मोठा रिचार्ज सोडून लहान मारते. पोरं कुरकुऱ्याचे पाच-दहा टाकतात. बुढी काय टाकते ते ती सांगत नाही. धान्याचं पण करता येते, मिझोरममधल्या ख्रिस्ती बाया रोज स्वयंपाकाला तांदूळ काढताना एक मूठ वेगळी ठेवतात अन् ती मंडळीला जाते, त्यातून केवढी कामं उभी राहिली आहेत तिकडं. आमच्याकडे दोन घरी ज्वारीची मूठ काढतात. बेथलेहेम या शब्दाचा इब्री भाषेतला अर्थच भाकरीचं घर असा आहे, तेव्हा ज्वारी चालतेच.

तीन तारखेचा अध्याय, बाप्तिस्मा देणारा योहान म्हणतो ज्याच्याजवळ दोन अंगरखे आहेत त्यानं एक नसलेल्याला द्यावा. त्या रात्री कपाट उघडा. पण लक्षात ठेवा, दोन चांगल्यातला एक म्हणतो तो, फाटका नाही म्हणत. आमच्याकडे नाताळला जुने कपडे वाटायची सवय पडली आहे, बटण तुटलेले, चेन खराब झालेले, काखेत विरलेले, ते दान नाही, ती कपाटाची सफाई आहे. त्याची फरशी पुसायची फडकी करा. द्यायचा तर तो द्या जो उद्या तुम्ही लग्नात घालून गेले असते.

बारा तारखेला तो श्रीमंत शेतकरी येते, कोठारं मोडून मोठी बांधतो म्हणणारा. ज्याच्या घरात भाव वाढेल म्हणून कापूस छतापर्यंत दाबून ठेवलेला असते त्या घरी हा अध्याय शांततेत वाचला जाते, एवढंच सांगतो.

सोळा तारीख: दारात कोण आहे

सोळाव्या अध्यायात लाजर आहे, श्रीमंताच्या दाराशी पडलेला. श्रीमंतानं त्याला मारलं नाही, हाकललं नाही, फक्त पाहिलं नाही. या दिवशी आम्ही एक फेरी मारतो, गावात नाही, गावाच्या बाहेर. दिवाळी झाली की मेळघाटातले कोरकू कुटुंबं कामाला खाली उतरतात, कापूस वेचायला, संत्रा तोडायला, हरभऱ्याला, अन् होळीला परत वर जातात. कोणी बगीच्यातल्या टिनाखाली राहते, कोणी धुऱ्यावर पाल ठोकून. डिसेंबरच्या रात्री आमच्याकडे पारा दहाच्या आसपास येते, वर चिखलदऱ्याहून वारा सुटला तर त्याच्याही खाली.

दोन वर्षांपूर्वी आम्ही अशी फेरी मारली तेव्हा ओळखीच्याच्या संत्र्याच्या बगीच्यात एक जोडपं होतं, बाई दिवस भरलेली. मी तिथून रोज गाडीवर जात होतो, रोज. घर पाहून नाही, झाडं पाहून जायचो, आंबिया बहाराचा माल कसा लागला ते. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणे, "तुम्ही दोन तारखेले काय वाचलं जी? नाव लिवाले आपल्या गावाहून दुसऱ्या गावाले गेलेली गरवार बाई, अन् जागा नाही." मी म्हटलं बरोबर आहे पण आता करायचं काय? तर तिनं काही चर्चा केली नाही, आशाताईला फोन लावला. करायचं ते एवढंच असते, आधी ज्याचं काम आहे त्याला कळवा. आशाताईनं नाव नोंदवलं, १०८ ची गाडी कुठपर्यंत येऊ शकते ते पाहून ठेवलं, रस्ता खराब म्हणून आमच्या घरचा नंबर देऊन ठेवला. मग चहा-साखर, मग पांघरुणाचं पाहू. उलटं करू नका, ब्लँकेट देऊन घरी येऊन झोपू नका.

एकोणीस तारीख: दान नंतर, हिशेब आधी

हा आमच्या पद्धतीतला सगळ्यात कडू दिवस. एकोणिसावा अध्याय जक्कयाचा. बुटका जकातदार, येशू घरी येते म्हटल्यावर तो उभा राहून म्हणतो की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, अन् कोणाचं अन्यायानं घेतलं असेल तर चौपट परत करतो. आपल्याला अर्धी मालमत्ता लक्षात राहते, चौपटीचं विसरतो.

वही काढायची ती या दिवशी. डाव्या पानावर कोणाकोणाचं आपल्याकडे बाकी आहे ते लिहायचं. वेचणीवाल्या बायांची मागच्या बाजाराची मजुरी राहिली का? "कापूस विकला की देतो" म्हणून किती आठवडे झाले? सालदाराचे किती अडकले? भावाचं, मेव्हण्याचं, किराण्यावाल्याचं? नियमशास्त्रात लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात सरळ लिहिलं आहे की मजुराची मजुरी सकाळपर्यंत रात्रभर तुझ्याकडे राहू नये, अन् याकोब तर आपल्या पत्रात म्हणतो की शेत कापणाऱ्यांची अडवलेली मजुरी ओरडते आहे अन् ते ओरडणं देवाच्या कानात गेलं आहे. आता मला सांगा, एका बाईचे नऊशे रुपये माझ्याकडे अडकले आहेत अन् मी तिलाच पंचवीस तारखेला तीनशेचं ब्लँकेट देतो, फोटो काढतो, तर मी काय दिलं? तिचेच पैसे होते, त्यातले सहाशे मी ठेवून घेतले.

म्हणून डब्यातले पैसे आधी या पानासाठी. डबा इथंच रिकामा झाला तर झाला, तुमचा नाताळ चांगला झाला समजा. माझ्या पहिल्या वर्षी पंचवीस तारखेसाठी काहीच उरलं नव्हतं, वरून गूळ-डाळीचे पैसे बुढीच्या पेटीतून निघाले.

उजव्या पानावर आपलं कोणाकडे घेणं आहे ते लिहा. त्यातलं एखादं, ज्याच्याकडून येणं शक्यच नाही हे आपल्याला माहीत आहे, ते खोडून टाका अन् त्याला तसं कळवा. पण गावभर सांगू नका की मी अमक्याचं माफ केलं.

याच अध्यायाच्या नावानं आणखी एक काम आम्ही करतो, शेतातला सरवा सोडतो. त्याच लेवीयच्या अध्यायात आहे की कापणी करताना कोपरे कापू नका, पडलेलं वेचू नका, ते गरिबाचं अन् परक्याचं. बायबलातली रूथ सरवा वेचत होती ती बेथलेहेमच्याच शेतात, अन् ती पण परगावची होती, परक्या जातीची. आमच्या तुरीच्या धुऱ्याकडची दोन तासं अन् संत्र्यातला बारीक चुरीचा माल आम्ही सोडून देतो, कोणाला बोलवत नाही, फक्त राखण नाही करत. ज्याला पाहिजे तो येऊन नेते, आपण पाहायला थांबायचं नाही. संत्र्यावरून आठवलं, हा सांताक्लॉज ज्याच्यावरून आला तो संत निकोलस, चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचा बिशप. त्याची गोष्ट अशी सांगतात की एका बापाकडे तीन पोरींच्या हुंड्याला पैसे नव्हते तर यानं रात्रीतून खिडकीतून सोन्याच्या थैल्या टाकल्या. त्या सोन्याची आठवण म्हणून परदेशात लेकरांच्या मोज्यात संत्रं ठेवायची रीत आहे. हे मी आमच्या पोरांना सांगितलं की सांता खरा होता, लाल टोपीवाला नव्हता, हुंड्याच्या पायी अडलेल्या बापाला रात्री मदत करून पळून जाणारा होता. आता हुंडा द्यायला मदत करा असं मी म्हणत नाही. रात्री, खिडकीतून, एवढं घ्या त्यातलं.

माझं ब्लँकेट

आता ते सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही मंडळीतर्फे वीस ब्लँकेट वाटले. बॅनर छापलं, त्यावर आम्हा पाच जणांचे फोटो, खाली "निराधारांना मायेची ऊब". गावातल्या एका आजीबाईला रांगेत पहिली बसवली, पोरगा पुण्याला कंपनीत, इथं एकटी राहते. ब्लँकेटचं एक टोक माझ्या हातात, एक तिच्या हातात, अन् फोटोवाला म्हणे आजी इकडं पाहा, आजी काही पाहेना, तर मीच तिची हनुवटी धरून चेहरा कॅमेऱ्याकडं केला. हसत हसत केला. तो फोटो स्टेटसला ठेवला, ग्रुपवर टाकला.

रात्री साडेनवाला पुण्याहून फोन. "दादा, माही माय निराधार आहे का? मी मेलो का?" मी काहीतरी बोलत राहिलो, की तसं नाही भाऊ, मंडळीचा कार्यक्रम होता. तो म्हणे, "मी दर महिन्याले पैसे पाठवतो, मायी माय भिकारीण केली तुम्ही साऱ्या गावात," अन् फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते ब्लँकेट घडी करून, पिशवीसकट, आमच्या ओट्यावर. आजीबाई पुढं दोन वर्षं आमच्याशी बोलली नाही.

यातून जे नियम घरात झाले ते सांगतो, कामाचे आहेत. फोटो नाही, म्हणजे नाहीच. रांग नाही. बॅनर नाही. द्यायला दोघांच्या वर कोणी जायचं नाही, अन् त्यातली एक बाई पाहिजे. अंधार पडल्यावर जायचं. ज्याच्या घरी जायचं त्याच्याकडे आधी काही मागायचं असेल तर मागा, पाणी तरी मागून प्या. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये असं मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे, आपण ते दोन्ही हात अन् कॅमेरा असं करून ठेवलं. अन् देताना धर्माचं बोलणं काढू नका, पत्रक ठेवू नका, "प्रभूनं पाठवलं" असं पण म्हणू नका. एक तर गावात लोकांना शंका येते अन् ती उगाच येत नाही. दुसरं म्हणजे भुकेल्याला जेवताना ऐकून घ्यावंच लागते, त्याला नाही म्हणता येत नाही, तो न्याय नाही.

काय द्यायचं, तर बहुतेक लोक तांदूळ देतात. रेशनवर माणशी पाच किलो धान्य फुकट मिळते, अंत्योदयवाल्याला कार्डावर पस्तीस किलो, तेव्हा गावातल्या घरी तांदूळ-गहू देऊ नका. गोडेतेल एक लिटर, तूरडाळ एक किलो, गूळ, चहापत्ती, अंगाचा साबण अन् कपड्याचा साबण, खोबरेल तेलाची बाटली, हे द्या, हेच संपलेलं असते. म्हाताऱ्या माणसाला बीपीच्या गोळ्या महिन्याच्या, चष्म्याची तुटलेली काडी बसवून. अन् सगळ्यात जास्त गरज गाडीची असते. निराधार योजनेचे दीड हजार केवायसीसाठी अडकलेले, हयातीचा दाखला द्यायचा, बँक तालुक्याला, अंगठा उमटत नाही म्हणून तीन चकरा. एक सकाळ काढून बँकेत नेऊन आणलं, वाटेत चहा पाजला, तर ते दहा ब्लँकेटच्या वर आहे. पैसा लागत नाही, फक्त तुमचं त्या दिवसाचं काम बुडते.

वीस अन् एकवीस

वीस डिसेंबरला गाडगेबाबांची पुण्यतिथी. बाबा आमच्याच भागातले, अंजनगाव सुर्जीकडच्या शेंडगावचे, अन् १९५६ साली वीस डिसेंबरला अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ गेले. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, बेघराला आसरा, रोग्याला औषध, ही त्यांची दशसूत्री आमच्याकडे शाळेच्या भिंतीवर असते. मत्तयाचा पंचविसावा अध्याय काढून शेजारी ठेवा, भुकेला, तान्हेला, परका, उघडा, आजारी, बंदिवान. आम्ही या दिवशी खराटे घेऊन चर्चसमोरचा रस्ता अन् गल्ली झाडतो, बाबा आधी गाव झाडायचे अन् मग भाकर घ्यायचे म्हणून. मंडळीतल्या एकदोघांना सुरुवातीला पटलं नाही, आपल्या सणात हे कशाला म्हणे. आता तेच खराटे बांधून आणतात.

एकवीस तारखेला विधवेच्या दोन टोल्या, म्हणजे अगदी हलकी नाणी. मंदिराच्या पेटीत श्रीमंत लोक टाकून राहिले, अन् एक गरीब बाई दोन टोल्या टाकते, येशू म्हणतो हिनं सगळ्यांपेक्षा जास्त टाकलं कारण हिनं आपली सगळी उपजीविका टाकली. यावर प्रवचनं भरपूर झाली. मी एवढंच विचारतो की आपण त्या बाईकडे कधी मागायला गेलो का? आपण तिला घेणाऱ्याच्या रांगेतच बसवतो.

त्या वर्षी बगीच्यातल्या बाईसाठी गोदरी पाहिजे होती, बाळासाठी लहानी अन् मोठी एक. बाजारातलं ब्लँकेट टिनाखालच्या थंडीत काही कामाचं नाही. गावात गोदरी शिवणारी आता एकच, ती आजीबाई. गेलो. दारात उभा राहिलो. म्हटलं आजी, मदत पाहिजे, मेळघाटातली बाई आहे, दिवस भरले, गोदरी शिवून द्याल का, पैसे देतो. आजीनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग आत गेली, पेटी उघडायचा आवाज आला, अन् जुन्या नऊवारीची, मऊ झालेली, बारीक टाक्याची गोदरी घेऊन आली. "हे माह्या पोराची होय. घेऊन जा. पैशाचं नाव काढू नको." मी निघालो तर मागून म्हणे, "अन् फोटो काढशीन तर याद राख."

मोठी गोदरी तिनं चार दिवसात शिवली.

चोवीस अन् पंचवीस, थोडक्यात

कॅरलला डीजे नको. ढोलकी, टाळ, पेटी असली तर पेटी. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी शंभर वर्षांपूर्वीच आपल्या लोकांसाठी अभंगाच्या चालीवर भजनं लिहून ठेवली, ती म्हणा, शेजारपाजारच्या बुढ्यांना पण चाल ओळखीची लागते अन् ते टाळ मागून घेतात. पंचवीस तारखेला बाजूच्या वस्तीत मनुस्मृती दहन दिनाचा कार्यक्रम असते, १९२७ साली बाबासाहेबांनी महाडला केलं ती हीच तारीख, तेव्हा स्पीकरच्या वेळा आधी बोलून घ्या, आमच्याकडे सकाळ आमची अन् संध्याकाळ त्यांची ठरलेली आहे, खुर्च्या दोघांच्या एकच. केक कुकरमधे गव्हाच्या पिठाचा होतो, त्याचे व्हिडिओ ढीगभर आहेत, मी काय सांगू.

चोवीसच्या रात्री चोवीसावा अध्याय म्हणजे पुनरुत्थान. जन्माच्या आदल्या रात्री रिकामी कबर वाचायची, सुरुवातीला मला उलटं वाटायचं. आता वाटत नाही, तिथं पण तो भाकर मोडून देतो तेव्हाच ओळखू येते. वाचून झालं की सगळे कोठ्यात, गव्हाणीत नवीन कुटार टाकतो अन् वर पोरीची बाहुली, त्या साली आजीबाईच्या टाक्याच्या चिंधीत गुंडाळलेली. प्रार्थना लांबवू नका. त्या रात्री पाळक साहेब जरा रंगात आले अन् आमेन व्हायच्या आत गाईनं बाहुलीखालचं कुटार ओढून खाल्लं, बाळ येशू उलटा, पोरं हसून हसून लोळली, साहेब पण हसले.

बगीच्यातल्या बाईला पोरगा झाला, तारखेच्या आठ दिवस आधीच, सरकारी दवाखान्यात, गाडी वेळेवर आली. होळीला ते वर गेले तेव्हा दोन्ही गोदऱ्या घेऊन गेले.

सव्वीस तारखेला सकाळी मी कोठ्यात शेण काढून राहिलो होतो तर आजीबाई आली, पदरात उकडलेल्या तुरीच्या शेंगा, वाफ निघत होती अजून. ओट्यावर बसली, माझ्यासमोर ठेवल्या. मी हात धुवून आलो, दोन सोलून तोंडात टाकल्या.

"मीठ बराबर आहे का?"

"बराबर आहे आजी."

"मंग खाय. फुकट नाही देऊन राहिली. सोमवारी मले बँकेत न्यायचं आहे तुले, अंगठा नाही उमटून राहिला."